रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. घाबरण्यासारखं काही नाही.”

हे ऐकून केबिनबाहेर आलेल्या माणसाचा चेहरा पडलेला का असतो? सकाळची कणकण गेलेली नसते. पायांची आग गेलेली नसते. रात्री अंथरूण भिजवणारा घाम गेलेला नसतो. गेलेला असतो तो घरच्यांचा विश्वास.

“काही निघालं नाही” ही बातमी त्याच्या आधी घरी पोचते. आणि काही निघालं नाही, याचा आपल्याकडे एकच अर्थ लावतात. काही नाहीच.

असं कोणी ठरवलं?

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे जी तपासणी केली, तिच्यात जे शोधलं, ते त्या दिवशी सापडलं नाही. इतकंच. पोहरा रिकामा वर आला म्हणून विहीर कोरडी ठरत नाही. दोर आखूड असू शकतो.

आणि हे ‘नॉर्मल’ तरी कुठून येतं? बहुतेक चाचण्यांमध्ये धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा नॉर्मल मानतात. म्हणजे १०० निरोगी माणसांतले पाच जण पट्ट्याबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्यांचं पॅकेज घ्या. ठणठणीत माणसाच्याही एखाद्या आकड्याखाली रेघ ओढली जाण्याची शक्यता ६४ टक्के आहे.

निरोगी माणूस त्या एका आकड्यामागे धावतो. आजारी माणसाला कोरा कागद देऊन घरी पाठवतात.

पाठदुखीचंच घ्या. पंचविशीतला मुलगा. पहाटे चारला पाठ अशी धरते की कूस बदलवत नाही. उठून तासभर हिंडला की मोकळी होते. एमआरआय होतो आणि मुलगा निदान घेऊन घरी येतो : मणक्यात गॅप.

१९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या मणक्यांमधली किमान एक गादी जागची हललेली किंवा फुगलेली दिसली. पाठ दुखत नाही, तरी फोटोत दोष आहे. मग या मुलाची पाठ त्या गॅपमुळेच दुखते, हे कशावरून?

विश्रांतीने वाढणारी, हालचालीने कमी होणारी, पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलेली पाठदुखी. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वर्णन शिकवतात. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती मणक्यांवरच उलटते. साध्या एक्स-रेत त्याच्या खुणा उमटायला वर्षं जातात. तोवर मुलाला बेडरेस्ट सांगितलेली असते. ज्याने दुखणं वाढतं, तेच औषध म्हणून दिलेलं असतं.

मध्येच त्याचा एक डोळा लालभडक होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. नेत्रतज्ज्ञ थेंब देतात, डोळा बरा होतो. डोळ्याच्या डॉक्टरांनी पाठीचं विचारलेलं नसतं, पाठीच्या डॉक्टरांनी डोळ्याचं.

आजार एकच होता. केसपेपर दोन होते.

हे कागद कधी नीट पाहिलेत? साडीच्या दुकानातली जाड पिशवी. तिच्यात एकमेकांना चिकटलेल्या फिल्म, वाचता न येणाऱ्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, तीन लॅबचे रंगीत लिफाफे, मध्येच रेशनकार्डाची झेरॉक्स. तारखांचा क्रम नाही. कोणत्या गोळीने काय झालं, याची नोंद नाही. डिजिटल आरोग्य नोंदींसाठी आभा कार्डाचा १४ आकडी नंबर लोकांना मिळाला. पिशवी हातातली सुटलेली नाही.

त्या पिशवीत तळाशी एक जुना कागद असतो. त्यावर पहिल्या डॉक्टरांनी आधी प्रश्नचिन्ह काढून मग ‘टायफॉइड’ लिहिलेलं असतं. म्हणजे शंका आहे, खात्री नाही. प्रामाणिक नोंद.

दुसऱ्या डॉक्टरांच्या कागदावर नुसतं ‘टायफॉइड’. तिसऱ्यांच्या कागदावर ‘जुना टायफॉइड, पुन्हा उलटला’. प्रश्नचिन्ह वाटेत गळून पडलं आणि एका शंकेचा इतिहास झाला.

ती शंका बहुतेकदा विडाल चाचणीवरून आलेली असते. ही चाचणी १८९६ सालची. कधी काळी होऊन गेलेल्या टायफॉइडने किंवा लशीनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्री हवी तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करावं लागतं. पण कल्चरला काही दिवस थांबावं लागतं आणि विडाल संध्याकाळी हातात मिळते. ताप दीड महिना हटत नाही, तेव्हा कोणी विडालला जाब विचारतं का?

आता डॉक्टरांची बाजू. ‘बीएमजे ओपन’ने २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र केली होती. स्वीडनमध्ये प्राथमिक उपचाराच्या डॉक्टरांकडे एका रुग्णाला २२ मिनिटांहून अधिक वेळ मिळत होता. भारतात सुमारे दोन मिनिटं.

दोन मिनिटांत काय होतं? नाव, वय, जीभ दाखवा, चिठ्ठी. बाहेर शंभराची रांग असलेल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला यात दोष देता येत नाही. पण हजार-दीड हजार फी घेऊन तेवढाच वेळ देणाऱ्याला का देऊ नये?

वेळ ही चैन नव्हे. वेळ हीच तपासणी आहे.

१९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला एक छोटा अभ्यास वैद्यकाच्या वर्गांत अजून सांगितला जातो. ८० नवे रुग्ण. त्यांतल्या ६६ जणांचं अखेरचं निदान पहिल्याच दिवशी बरोबर लागलेलं होतं, तेही फक्त पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाचं ऐकून. हाताने तपासल्यावर आणखी सात जणांचं कळलं. लॅबच्या तपासण्यांनी उरलेल्या सात जणांचं.

आपण नेमकं उलटं चालतो. आधी लॅब, मग हात, आणि ऐकायचं राहूनच जातं.

ऐकणं आणि बघणं यांनी काय होतं, याचा दाखला शोधायला परदेशी जायला नको. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं मरत. मोठी यंत्रं हाताशी नव्हती. ते खाटेपाशी बसले. घाम, हातापायांचा गारठा, नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत राहिले. १९८२ साली त्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. पुढे प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने त्याच कोकणात जीव वाचू लागले. गोळी नंतर आली. आधी कोणीतरी नीट पाहिलं होतं.

बाईच्या दुखण्याकडे कोण पाहतं?

दर महिन्याला दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही, ओटीपोटात कळा, कधी उलट्या. आई म्हणते, आमचंही दुखायचं. शाळेतल्या बाई म्हणतात, नाटकं. डॉक्टर म्हणतात, लग्न झाल्यावर बरं होईल. लग्न होतं. मग म्हणतात, एक बाळंतपण होऊ द्या.

पंधरा वर्षांच्या मुलीला दुखण्यावर औषध म्हणून नवरा आणि मूल सांगणारा हा समाज आहे.

अशा दुखण्यामागे अनेकदा एंडोमेट्रिऑसिस हा आजार असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातल्या जननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी मुली आणि बायकांना तो आहे. साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा काही दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पुन्हा तेच. दहातल्या एकीला असलेला आजार ‘न सापडणारा’ कसा? तो कोणी शोधत नाही.

“टेन्शन घेता का तुम्ही?” हा प्रश्न वाईट नाही. चिंता आणि नैराश्यानेही शरीर खरोखर दुखतं. तेही निदानच आहे. त्याला उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही. पण हे निदान विचारपूस करून, लक्षणं जुळवून करायचं असतं. बाकीचे कागद कोरे निघाले म्हणून उरलेली जागा टेन्शनने भरायची नसते.

पोटातल्या अल्सरची गोष्ट आठवा. टेन्शनने आणि तिखटाने होतो, हे किती वर्षं सांगत होते! बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना पोटात त्यामागचा जंतू सापडला, तर लोकांचा विश्वास बसेना. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्यायला आणि स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तोवर अल्सरच्या किती रुग्णांनी टेन्शन घेतल्याबद्दल बोलणी खाल्ली असतील?

कोविडनंतर हेच पुन्हा झालं. ताप जाऊन महिने लोटले तरी थकवा, धाप, डोक्यात धुकं. तपासण्या नॉर्मल. २०२० साली ‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांच्या परिषदेत ठरलं नाही. आजारी माणसांनीच ते वापरात आणलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. रुग्ण वर्षभर पुढे होते.

त्यांच्यातल्या अनेकांना सल्ला मिळाला : रोज चाला, हळूहळू वाढवा. काहींना त्याने बरं वाटलं. काही मात्र दुसऱ्या दिवशी आडवेच झाले. थोड्या श्रमानंतर दिवसच्या दिवस कोसळून पडणं ही मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस या जुन्या, दुर्लक्षित आजाराची ओळख आहे. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या आजारापुरती २०२१ साली मागे घेतली.

म्हणजे बघा. त्या पंचविशीतल्या मुलाला हालचालीने बरं वाटतं, लाँग कोविडच्या एखाद्या रुग्णाला हालचालीने खाट धरावी लागते. दोघांचे रक्ताचे रिपोर्ट सारखेच नॉर्मल असू शकतात. फरक एका प्रश्नाने कळतो. चाललं-फिरलं की कमी होतं, की वाढतं?

या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. म्हणूनच तो विचारला जात नाही का?

आजाराचं मूळ कधी औषधाच्या डब्यातच असतं. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायांना मुंग्या येतात. सगळे म्हणतात, साखरेने नसा गेल्या. असेलही. पण वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिनची गोळी बी-१२ कमी करते आणि बी-१२ कमी झालं की पायांना मुंग्या येतात. साखर वाढली म्हणून तीच गोळी वाढवली, बी-१२ कोणी मोजलंच नाही, असं सर्रास घडतं. त्यातून घर शाकाहारी असेल तर विचारायलाच नको.

सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या तर विचारूच नका. दोन दिवसांत गुण येतो, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. जड धातूंची भेसळ किंवा कच्ची भस्मं पोटात जाऊन शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पोटात कळा, रक्त कमी, कारण सापडत नाही. डॉक्टर विचारतात, दुसरं काही औषध चालू आहे का? रुग्ण म्हणतो, नाही. पुडीला तो औषध समजतच नाही.

मग लोक देवरुष्याकडे का जातात? त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. देवरुषी तासभर बसवून घेतो. कधीपासून, कुठून आल्यावर, घरात काय झालं होतं, सगळं विचारतो. आणि उठताना दुखण्याला नाव देतो.

नाव खोटं असतं, पैसा खरा जातो, आजार वाढतो. पण तासभर ऐकून घेणारा माणूस दवाखान्यात मिळाला असता, तर त्याच्या दारात कोण गेलं असतं?

आता पैशाकडे या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कधी? रुग्णालयात दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारासाठी. म्हणजे आजाराचं नाव कळल्यावर. नाव कळण्याआधी ओपीडीच्या खेपा, स्कॅन, रक्त, एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, हे सगळं आपापल्या खिशातून. सांगलीकडच्या माणसाने मिरज करायचं, मग पुणं, मग मुंबई. प्रत्येक ठिकाणी तपासण्या पहिल्यापासून, कारण आधीच्या लॅबवर विश्वास नसतो.

क्षयरोग बघा. मणक्याचा, पोटातला, गाठींचा टीबी छातीच्या फोटोत दिसेलच असं नाही, थुंकीतही सापडेलच असं नाही. म्हणून महिनोन्‌महिने जातात. ज्या दिवशी नाव लागतं, त्या दिवसापासून सरकारी औषध फुकट आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात. चांगलीच योजना आहे. पण नाव लागेपर्यंत पाय लुळे पडले, तर ते हजार रुपये कोणत्या कामाचे?

दुर्मीळ आजारांचंही तेच. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यांतलं एक. नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलाचा आजार दुर्मीळ आहे, हे आधी कोणीतरी ओळखायला हवं ना?

बहुतेक पैसा नाव कळल्यानंतर. नाव शोधायला हात आखडता.

रुग्णाच्या हातात काय आहे? थोडं आहे आणि ते करायलाच हवं. पिशवी उपसा. एकाच कागदावर तारखेने लिहा : कधी सुरू झालं, त्याआधी काय घडलं होतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, वजन किती घटलं. नुसतं ‘दुखतं’ लिहू नका. ठणकतं, चमक येते, जळजळतं की बधिर होतं, ते लिहा. चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, पुडी लिहा. लाज वाटते म्हणून काही गाळू नका.

दाखल झाला असाल तर कागदपत्रांच्या प्रती मागा. तो उपकार नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. “फाइल सापडत नाही” हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

डॉक्टरांशी हुज्जत घालू नका, मोबाइलवर वाचलेला आजार त्यांच्या गळ्यात मारू नका. एकच विचारा : “डॉक्टर, हे दुसरं काय असू शकेल?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, विचारात पडतो. जो चिडतो, तो बदला. पण दर पंधरवड्याला बदलू नका. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्याला कोणीच शेवटपर्यंत नेत नाही.

आणि डॉक्टरांनो, “मला अजून कळलेलं नाही, पण मी शोधतोय, पंधरा दिवसांनी या” हे वाक्य म्हणायला शिका. रुग्णाला तुमचं अज्ञान खुपत नाही. “तुम्हाला काही झालेलं नाही” हे खुपतं.

घरच्यांना वेगळं सांगायला हवं का? सून झोपून आहे म्हणजे ती आळशी आहे, हे निदान करायचा परवाना तुम्हाला कोणी दिलेला नाही. पुढच्या खेपेला तिच्याबरोबर जा. जे तुम्ही घरात रोज बघता, ते डॉक्टरांना सांगा. तिच्या शब्दाला साक्षीदार मिळाला की केबिनमधलं बोलणं बदलतं.

राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे एक मागणं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ साली निदान न लागलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, मान्य. आठवड्यातली एक सकाळ तर आहे? एक खोली, मेडिसिन, अस्थिरोग, स्त्रीरोग आणि मानसोपचार अशा चार विभागांचे चार अनुभवी डॉक्टर, बाजूला शिकणारी मुलं, आणि फक्त चार रुग्ण. सहा महिने हिंडूनही ज्यांना नाव मिळालेलं नाही, असे. प्रत्येकाला एक तास. आणि निदान लागेपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च जन आरोग्य योजनेत धरा.

यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. डॉक्टर तिथे आहेत. रुग्ण पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसलेले आहेत. त्यांना आत बोलवा.